हिकरीच्या फाळक्यातून धनुष्य: मापं कशी ठरवायची आणि लाकूड कुठं दगा देतं

काष्ठवेध

शॅगबार्क हिकरी या अमेरिकन झाडाच्या एका फाळक्याचा (उभ्या फोडलेल्या लाकडाचा) आराखडा मांडतोय. चर्चा नेमकी व्हावी म्हणून सगळी मापं आधीच देतो.

फाळका ७० इंच लांब, पाठीकडे (सालीची, धनुर्धरापासून दूरची बाजू) सव्वातीन इंच रुंद आणि अडीच इंच जाड. खोड सुमारे ८ इंच व्यासाचं होतं, म्हणून पाठ सपाट नाही, गोलसर आहे. झाड वसंतात पाडलेलं असल्यानं साल हातानं सोलून निघाली, पाठीला कुठंही हत्यार लागलेलं नाही. दोन्ही टोकांना आणि पाठीला त्याच दिवशी शेलॅकचे (लाखेच्या वार्निशचे) तीन हात दिलेत. एका टोकापासून १९ इंचांवर ८ मिमीची एक गाठ आहे, मधल्या रेषेपासून थोडी बाजूला. या टोकापासून त्या टोकापर्यंत पीळ अंदाजे १० अंशांचा.

हवं आहे ते असं: २८ इंच ओढीला ताण (ओढायला लागणारा जोर) ४५ पौंड. मूठ ताठ, म्हणजे न वाकणारी. खाचेपासून खाचेपर्यंत ६६ इंच, मूठ ४ इंच, मुठीच्या दोन्ही अंगांना २-२ इंचांचा उतार, म्हणजे जाड मूठ पातळ भुजेत उतरते तो भाग. भुजा पावणेदोन इंच रुंद, अर्ध्यापर्यंत तेवढीच रुंदी, तिथून सरळ रेषेत निमुळती होत टोकाशी अर्धा इंच.

प्रश्न तीन. ही रुंदी पुरेल का? टिलरिंगला (लाकूड थोडं थोडं काढून भुजांचा वाक जुळवण्याला) हात घालण्याआधी लाकूड किती वाळलेलं हवं? आणि पोट, म्हणजे धनुर्धराकडची बाजू, भाजणं हिकरीला खरंच गरजेचं आहे का?

पाचर

मापांच्या आधी लाकूड तपासा. हिकरीची पाठ ताणाला इतकी चिवट असते की दुसऱ्या लाकडांच्या धनुष्यांनाही हिकरीची पट्टी पाठीला चिकटवतात. पण हा चिवटपणा ओंडका पाडल्यावर पहिल्या काही महिन्यांतच गमावता येतो. सालीसकट ओंडका उबदार दमट हवेत पडून राहिला की बुरशी आत शिरते. वरून लाकूड पांढरं, स्वच्छ दिसतं आणि आतून ठिसूळ झालेलं असतं.

परीक्षा सोपी आहे. फाळक्याच्या कडेनं निघालेली आगपेटीच्या काडीएवढी जाड चिपाटी घ्या आणि दोन्ही हातांनी मोडा. निरोगी हिकरी मोडताना लांब तंतू निघतात, तुकडे एकमेकांना लोंबत राहतात. कट्कन तुटून दोन आखूड स्वच्छ तुकडे झाले तर त्या फाळक्यावर पुढची मेहनत घेऊ नका. काळ्या बारीक रेघा किंवा राखाडी डाग दिसले तर ही परीक्षा दोन-तीन ठिकाणच्या चिपाट्यांवर करा.

दुसरं, एक-दोन मिमीची गोल भोकं आणि पिठासारखा भुगा. पांढऱ्या लाकडातल्या पिष्टावर जगणारे किडे हिकरीला फार लागतात. भोकं दिसली तर फाळका इतर लाकडांपासून वेगळा ठेवा. सालीखाली भुंगेऱ्यांच्या उथळ वाटा असल्या तर तेवढं एक वार्षिक वलय उतरवून खालच्या स्वच्छ वलयावर पाठ आणता येते, पण ते वलय टोकापासून टोकापर्यंत अखंड राहिलं पाहिजे.

तुमची साल वसंतात निघाली हे उत्तम. ओसेज ऑरेंज या दुसऱ्या धनुष्यलाकडात करतात तसं बाहेरचं पांढरं लाकूड काढून आतल्या वलयाचा पाठलाग करायची हिकरीत गरज नाही. सालीखालचा पहिला पृष्ठभाग हीच पाठ. थंडीत पाडलेल्या झाडाची साल मात्र घट्ट धरून बसते. तिथे दोन मुठींच्या सुरीनं २-३ मिमी अंतरसाल शिल्लक ठेवायची आणि उरलेली बोथट खरवडणीनं, वाफ देत देत काढायची. सुरी थेट लाकडापर्यंत नेली की पाठीचे तंतू तुटतात.

तोलकाटा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण हिकरीत बाकी सगळं त्यावर उभं आहे.

लाकडातला ओलावा त्याच्या पूर्ण वाळलेल्या वजनाच्या टक्केवारीत मोजतात. बहुतेक धनुष्यलाकडं ९-१० टक्क्यांवर बरी चालतात. हिकरीला ६ ते ८ टक्के हवे. १० टक्क्यांच्या वर हिकरीचं पोट दाबाखाली चेपतं आणि परत येत नाही, धनुष्यात कायमचा बाक बसतो. हिकरी मंद असते, बाक धरते अशी तक्रार ऐकू येते तेव्हा दहापैकी नऊ वेळा ते धनुष्य ओलं असतं. कोरडी हिकरी आणि ओली हिकरी यांना दोन वेगळी लाकडंच समजावं इतका फरक पडतो.

हवेतल्या आर्द्रतेशी लाकूड जुळवून घेतं. २१ अंश सेल्सिअसच्या आसपास हा हिशेब असा आहे: हवा ३० टक्के आर्द्र असेल तर लाकूड ६.२ टक्क्यांवर स्थिरावतं, ४० ला ७.७, ५० ला ९.२, ६५ ला १२ आणि ८० ला १६. म्हणजे ६५ टक्के आर्द्रतेच्या खोलीत फाळका दहा वर्षं ठेवला तरी तो १२ च्या खाली येणार नाही. जुना फाळका आणि कोरडा फाळका एक नव्हे.

त्यामुळे करायचं असं. ओल्या लाकडातच धनुष्याचा ढोबळ आकार काढून घ्या: भुजा अंतिम रुंदीपेक्षा ६ मिमी जास्त, जाडी २० मिमी, मूठ पूर्ण जाडीची. मूठ आणि उतार यांना पुन्हा शेलॅक द्या. जाड भाग आणि पातळ भाग वेगवेगळ्या वेगानं वाळतात आणि भेग नेमकी त्यांच्या सांध्यावर, उतारात पडते. मग पाठ खाली ठेवून एका सरळ जाड फळीवर पाच-सहा ठिकाणी क्लॅम्पनं आवळा आणि सावलीत, वारा खेळेल असं ठेवा. आठवड्यातून दोनदा वजन करा. सुरुवातीला वजन झपाट्यानं उतरेल, मग हळूहळू थांबेल.

वजन उतरणं थांबल्यावर, त्याआधी नाही, उबदार पेटीत घाला. लांब लाकडी खोकं, आत एक-दोन बल्ब, वर हवा जायला छोटी भोकं आणि आत आर्द्रतामापक. तापमान ३८ अंशांच्या पुढं नको. आतली आर्द्रता ३०-३५ टक्के दाखवत असेल आणि तीन-चार दिवस वजनात एका ग्रॅमचाही फरक पडत नसेल तर लाकूड तयार आहे. हिरवं लाकूड थेट पेटीत घातलं तर बाहेरचा थर आधी आकसून फाटतो.

खात्रीच करायची तर त्याच फाळक्याचा, त्याच्याच बरोबर वाळलेला तुकडा घ्या. वजन करा, १०३ अंशांवर ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. १०० ग्रॅमचा तुकडा ९२ वर थांबला तर ओलावा ८ भागिले ९२, म्हणजे ८.७ टक्के.

काष्ठवेध

पेटीतून बाहेर काढल्यावर टिलरिंगला पाच-सहा दिवस लागणार. तेवढ्या वेळात खोलीतली दमट हवा पुन्हा ओलावा भरणार नाही का?

तोलकाटा

भरेल. भुजा १२ मिमीपर्यंत पातळ झाल्यावर आणखी लवकर भरेल. म्हणून दिवसाचं काम संपलं की धनुष्य परत पेटीत. दुसऱ्या दिवशी काम सुरू करताना आधी वजन, मग रंधा. उलट बाजूची मर्यादाही सांगून ठेवतो: ५ टक्क्यांच्या खाली गेलेली हिकरी ठिसूळ होऊ लागते, तेव्हा सतत पेटीत ठेवून जास्तीत जास्त कोरडी करत बसू नये.

भुजामिती

आता मापं. हिकरीचा स्वभाव एका वाक्यात: पाठ गरजेपेक्षा जास्त मजबूत, पोट त्या मानानं कच्चं. आराखड्यातला प्रत्येक निर्णय पोटावरचा दाब कमी करण्यासाठी घ्यायचा.

वाकताना पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. दिलेल्या वाकासाठी पोटावर किती दाब येतो ते जाडीवर ठरतं. जाडी दुप्पट तर दाब दुप्पट. ताठरपणा मात्र जाडीच्या घनावर आणि रुंदीच्या साध्या प्रमाणात चालतो. रुंदी दुप्पट केली तर ताठरपणा दुप्पट, जाडी दुप्पट केली तर आठपट. म्हणून तेवढाच ताण रुंद आणि पातळ भुजेतून काढला की पोट सुटतं. ओसेज सव्वा ते दीड इंच रुंदीत ५० पौंड आरामात पेलतं. हिकरीला तेवढ्यासाठी पावणेदोन ते दोन इंच द्यावेत.

४५ पौंडांना पावणेदोन इंच चालतील, पण तुमच्याकडे सव्वातीन इंचांचा फाळका आहे, तर दोन इंचांवर सुरुवात करा. जागा मुबलक असताना पोटाला कंजुषी कशाला? टोकांकडे मात्र उलट. हिकरी चिवट असल्यानं शेवटचे सहा इंच अरुंद करता येतात, अंतिम टोक १० मिमी रुंद पुरतं. टोकाचं वजन हे बाणाच्या वेगातून वजा होतं, मुठीजवळच्या वजनानं जवळपास काही बिघडत नाही.

लांबीबद्दल: न वाकणारे ८ इंच वजा केले तर ६६ पैकी ५८ इंच वाकतात, प्रत्येक भुजा २९ इंच. २८ इंच ओढीला हे ठीक आहे. फाळका ७० चा आहे आणि टोकाच्या इंच-दीड इंचात बारीक भेगा असतातच, म्हणून ६६ ते ६७ हीच वास्तव मर्यादा.

जाडीचा हिशेब जरा बारकाईनं. ताणलेल्या दोरीमुळे भुजेवर येणारा वाकवण्याचा जोर टोकाशी शून्य असतो आणि मुठीकडे वाढत जातो, ढोबळमानानं टोकापासूनच्या अंतराच्या प्रमाणात. रुंदी सारखी असलेल्या भागात सगळीकडे सारखाच दाब हवा तर जाडी त्या अंतराच्या वर्गमुळाप्रमाणे उतरायला हवी. तेवढी उतरली की भुजेचा बाहेरचा अर्धा भाग आतल्यापेक्षा थोडा जास्त वाकताना दिसतो, आणि तसाच दिसायला हवा. समांतर रुंदीच्या भुजेत वर्तुळाचा अचूक कंस शोधणारा माणूस मुठीजवळचं पोट चेपून घेतो.

तीरकमठा

मग रुंदीच एकसारखी उतरवत न्यावी की. उतारापाशी सव्वादोन इंच आणि तिथून थेट टोकापर्यंत सरळ निमुळती. रुंदी जोराच्याच प्रमाणात घटत असल्यानं जाडी जवळपास सारखी ठेवता येते, वाक वर्तुळाच्या कंसाचा येतो आणि दाब आपोआप समान वाटला जातो. टिलरिंगही सोपं, कारण जाडी कॅलिपरनं मोजून बरंच काम उरकतं. हिकरीसाठी हाच आकार सर्वात निर्धोक आहे.

भुजामिती

सरळ, बिनगाठीच्या फळीतून करायचं असेल तर पूर्ण सहमत. पण फाळक्यात दोन अडचणी येतात. पाठ गोलसर असली की जाडी कॅलिपरनं मोजण्याला अर्थ कमी उरतो. ८ इंच व्यासाच्या खोडात २ इंच रुंदीमागे पाठीचा मधला भाग कडांपेक्षा सुमारे ३ मिमी उंच येतो. म्हणजे मध्ये १२ मिमी जाडी असताना कडेला ९. रुंदी बदलली की हा फरकही बदलतो. पावणेदोन इंचांत तो अडीच मिमीच उरतो. त्यामुळे "जाडी सारखी ठेवा" हा नियम इथे लागू पडत नाही. दुसरं, गाठ १९ इंचांवर आहे. निमुळत्या आराखड्यात तिथे रुंदी सव्वा ते दीड इंच उरेल. समांतर आराखड्यात त्या जागी जास्त लाकूड मिळतं.

गोलसर पाठीमुळे घाबरू नका. हिकरीत ती फायद्याची आहे. पाठ अरुंद आणि पोट रुंद सपाट झालं की ताणाचा भार थोड्या तंतूंवर पडतो, ते तो पेलतात, आणि दाबाला जास्त लाकूड मिळतं. सपाट पाठीच्या हिकरीत हेच मुद्दाम करतात: कडा तिरप्या तासून पाठ पोटापेक्षा चौथ्या हिश्श्यानं अरुंद ठेवतात. तुमच्या फाळक्यात निसर्गानं ते करून दिलंय, आणखी तासू नका.

काष्ठवेध

म्हणजे दोन इंच, अर्ध्यापर्यंत समांतर. इंग्लिश पद्धतीचं गोल पोट कुणीच सुचवत नाहीय, ते मुळातच बाद?

भुजामिती

हिकरीत बाद. गोल पोटात सगळा दाब मधल्या अरुंद कण्यावर येतो. यू या झाडाच्या गाभ्याचं लाकूड तो सोसतं, हिकरी नाही. १९३० च्या दशकात हिकमन, क्लॉपस्टेग अशा अभियंत्या-शास्त्रज्ञांनी धनुष्याचं यांत्रिक विश्लेषण केलं आणि चपट्या आयताकृती छेदाची बाजू हिशेबानं मांडली. उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या मूलनिवासी कारागिरांना ते हाताच्या अनुभवानं त्याच्या कितीतरी आधी माहीत होतं. मॅसॅच्युसेट्समधल्या सडबरीचं १६६० सालचं हिकरी धनुष्य हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयात आहे. मूठ अरुंद आणि भुजा रुंद, चपट्या.

पाचर

आखणीबद्दल. मधली रेषा पट्टीनं ओढू नका, तंतूंच्या दिशेनं ओढा. साल काढलेल्या पाठीवर बारीक छिद्रांच्या लांब रेघा दिसतात, त्या सांगतील तशी पेन्सिल वळवायची. एका ठिकाणी अर्धा इंच डावीकडे सरकली तरी चालेल. तंतू भुजेच्या कडेतून बाहेर पडले की तिथून सळई (उभी ढलपी) सुटते. रेषा काढून झाली की दोन्ही टोकांच्या मध्यावर दोरा ताणा. तो मुठीच्या रुंदीत कुठेही पडत असेल तर काम होतं. बाहेर जात असेल तर उताराजवळ उष्णता देऊन बाजूनं वाकवावं लागेल.

गाठ: ८ मिमीची गाठ पूर्ण आत घ्या किंवा पूर्ण बाहेर टाका. कडेवर अर्धी कापलेली गाठ सर्वात वाईट. आत घेतली तर तिच्या बाजूनं दोन-तीन मिमी रुंदी वाढवा. पाठीवर गाठीभोवती तंतू उंचवट्यानं वळून जातात, तो उंचवटा कानशीनं सपाट करायचा नाही. पोटाकडेही त्या दोन इंचांत इतर भागापेक्षा अर्धा-एक मिमी जाडी जास्त राहू द्या. तो भाग थोडा कमी वाकलेला दिसेल, तसाच ठेवावा.

१० अंशांचा पीळ काही करत नाही. दोरी मुठीवर मधोमध आली की पिळाकडे बघू नका. २० च्या वर गेला तर मात्र पोटाला थोडं तेल लावून, हीट गननं तापवून, पाना लावून उलटा पिळावा आणि गार होईपर्यंत धरून ठेवावा.

काष्ठवेध

उत्तम. आता टिलरिंग. मुठीचा मध्य आणि बाण टेकण्याची जागा यांचा ताळमेळ कसा ठेवायचा, तेही सांगा.

रंधाबहाद्दर

धनुष्याचा भौमितिक मध्य काढा. मूठ त्याच्या वर दीड इंच, खाली अडीच इंच. बाण मुठीच्या वरच्या कडेवर, म्हणजे मध्यापासून दीड इंच वर. यात खालची भुजा वरच्यापेक्षा एक इंच आखूड होते आणि हाताचा जोरही तिच्याकडे पडतो, म्हणून ती थोडी ताठ ठेवतात. दोरी चढवल्यावर दोन्ही उतारांच्या शेवटी पोट ते दोरी अंतर मोजा. वरच्या बाजूला ३ ते ५ मिमी जास्त भरलं पाहिजे.

टिलरिंगची सुरुवात उतारापाशी १६ मिमी आणि टोकाजवळ १२-१३ मिमी जाडीनं करा. कडा गोल करून घ्या, विशेषतः पाठीकडच्या, ३ मिमी त्रिज्येच्या. ताणाखाली धारदार कडेतूनच पहिली सळई उठते.

पहिला टप्पा जमिनीवर: टोक जमिनीला टेकवून, मूठ धरून दाबा. दोन्ही भुजा हाताला सारख्या लागेपर्यंत पोटावरून रंधा किंवा कानस. मग लांब दोरी, जेमतेम ढिली नसलेली, आणि टिलरिंगची भिंत (मूठ टेकवून धनुष्य आडवं बसवायची जागा). दोरी खालच्या कप्पीतून घेऊन लांब उभं राहून ओढा. मोडलं तर तुकडे खाली किंवा समोर उडतात. ताणकाटा नेहमी दोरीत असू द्या.

यापुढचा नियम एकच आणि त्याला अपवाद नाही: हव्या त्या ताणापेक्षा एक पौंडही जास्त ओढायचं नाही. ४५ हवेत तर भुजा ५ इंच वाकली असो वा १०, काटा ४५ वर आला की थांबायचं, वाक तपासायचा, लाकूड काढायचं. वाक चुकीचा दिसत असेल तर ४५ पर्यंतही जायचं नाही. जिथे दोष दिसला तिथेच थांबायचं. दोष असताना "बघू पुढे कसं दिसतं" म्हणून ओढलं की तो दोष लाकडात कायमचा छापला जातो.

लांब दोरीवर ४५ पौंडांना टोकं ५-६ इंच हलू लागली की आखूड दोरी चढवा, आधी पोटापासून ३ इंच उंचीवर. इथे भुजा जुळवून घ्या, मग ६ इंच. प्रत्येक वेळी लाकूड काढल्यावर त्या क्षणाच्या ओढीपेक्षा थोडं कमी, २०-२५ वेळा ओढा. लाकूड काढल्याचा परिणाम लगेच दिसत नाही, तंतू बसायला एवढा व्यायाम लागतो. हा व्यायाम न देता पुन्हा खरवडणं हे ताण कमी भरण्याचं सर्वात मोठं कारण.

आणि किती काढताय ते ओळखा. १२ मिमीवरून साडेअकरावर आलं की ताठरपणा १२ टक्के गेला. ११ वर आलं की २३ टक्के. म्हणजे शेवटच्या टप्प्यात पूर्ण भुजेवरून काढलेला अर्धा मिमी पाच पौंड घेऊन जातो. रंधा तिथे बंद, फक्त खरवडणी.

तीरकमठा

दोष ओळखायला साधं हत्यार: सहा इंच लांब, एक कडा अगदी सरळ असलेला लाकडी ठोकळा, मधोमध भोक पाडून त्यात पेन्सिल. दोरी चढवलेल्या धनुष्याच्या पोटावर तो सरकवायचा. जिथे वाक सगळ्यात जास्त तिथे पेन्सिल अंतरामुळे रेघ उमटवणार नाही, जिथे भुजा ताठ तिथे उमटेल. जिथे रेघ आली तिथेच खरवडायचं. डोळ्याला १५ इंच ओढीपर्यंत न दिसणारे ताठ भाग यानं सापडतात.

बिजागरी, म्हणजे एकाच छोट्या जागी जास्त वाक, दिसली तर त्या जागी पेन्सिलनं फुली मारा आणि तिला पुन्हा हत्यार लावू नका. तिच्या दोन्ही बाजूंचं आणि दुसऱ्या भुजेचं लाकूड काढून बाकी सगळं तिच्या पातळीला आणावं लागतं. ताण कमी होतो, पण धनुष्य वाचतं.

तोलकाटा

हिकरीपुरती एक भर. प्रत्येक ओढीच्या टप्प्यानंतर दोरी उतरवून लगेच बाक मोजा: दोन्ही टोकांना दोरा लावून मुठीच्या पाठीपासून त्याचं अंतर. दोरी चढवून झाल्यावर १८-२० इंच ओढीपर्यंत पाव इंच बाक आला तर ठीक. त्या टप्प्यालाच पाऊण-एक इंच आला तर खरवडणं थांबवा आणि ओलावा मोजा. कोरडं असूनही बाक येत असेल तर तो कुठल्या इंचात येतोय ते सरळपट्टी लावून शोधा. ती जागा जास्त काम करतेय. एका तासानं मोजलेला बाक फसवतो, कारण लाकूड थोडं परत येतं. मोजायचा तो दोरी उतरवल्या क्षणी.

काष्ठवेध

पोट भाजण्याबद्दल अजून कुणी बोललं नाही.

रंधाबहाद्दर

४५ पौंड, दोन इंच रुंद, नीट वाळलेलं: न भाजताही अंतिम बाक एक ते दीड इंचात राहील आणि धनुष्य चांगलं चालेल. अनिवार्य नाही.

तोलकाटा

अनिवार्य नाही, पण हिकरीला त्याचा जेवढा उपयोग होतो तेवढा फार थोड्या लाकडांना होतो. पोटाची दाब सोसण्याची ताकद वाढते, आणि भाजलेलं लाकूड पुढेही हवेतला ओलावा कमी घेतं. दमट हवेत राहणाऱ्या धनुष्याला तर करावंच.

वेळ अशी निवडा: १८-२० इंचांपर्यंत टिलरिंग सारखं आलं आहे, बाक थोडाच आहे. दोरी काढा, पाठ खाली ठेवून लाकडी साच्यावर आवळा. साच्याला टोकाशी एक ते दीड इंच उलटा बाक द्या. हीट गन पोटापासून ७-८ सेमीवर धरून एका जागी काही मिनिटं, रंग गडद तपकिरी झाला की चार-पाच सेमी पुढं. काळा होता कामा नये. घाई करून जवळून तापवलं तर वरचा थर जळतो आणि आत काही पोचत नाही. उष्णता सावकाश मुरली पाहिजे. पाठीला हात लावून पाहत राहा, ती फार तापत असेल तर वेग वाढवा. मुठीला जोड चिकटवलेला असेल तर ओल्या फडक्यानं झाका.

गार होईपर्यंत साच्यावरच. आणि मग किमान तीन-चार दिवस हात लावायचा नाही. भाजल्यावर लाकूड हाडासारखं कोरडं असतं, त्याच दिवशी ओढलं की पाठ तुटते. वजन पुन्हा वाढून स्थिर झालं की टिलरिंग पुढे. ताण काही पौंडांनी वाढलेला असेल आणि दोन भुजांत सारखा वाढलेला नसेल, म्हणून पुन्हा ३ इंचांच्या दोरीपासून सुरुवात करावी.

पाचर

बिघाडांची कारणंही एकत्र असू द्यात.

पोटावर केसाएवढ्या आडव्या चुण्या: त्या जागी दाब सोसवला नाही. त्या मिटत नाहीत. बाजूचं लाकूड काढून वाक पसरवायचा, ताण ५-७ पौंडांनी उतरवायचा. नवीन चुण्या पडल्या नाहीत तर धनुष्य वर्षानुवर्षं चालतं.

पाठीवर सळई उठली: कडेनं असेल आणि उथळ असेल तर पातळ सायनोॲक्रिलेट (सुपरग्लू) मुरवून, रेशमी किंवा लिननच्या दोऱ्यानं त्या जागी दोन इंच घट्ट वेटोळं. मध्यावर, खोल आणि लांब सळई उठली तर ओढणं बंद करावं.

उतारापाशी जोड सुटला: मुठीचा तुकडा चिकटवलेला असताना उतार वाकत होता. उताराच्या टोकापलीकडेच वाक सुरू व्हायला हवा. तुमचा फाळका अडीच इंच जाड आहे, जोडाची गरजच नाही.

काष्ठवेध

खाचा आणि दोरी?

तीरकमठा

खाचा कडांना आणि पोटाकडे, ४५ अंशांच्या तिरक्या, गोल कानशीनं, ३-४ मिमी खोल. पाठीच्या तंतूंवर कानस चढवायची नाही. टोक १० मिमीपर्यंत अरुंद करायचं असेल तर वर शिंग किंवा कठीण लाकडाचा छोटा तुकडा चिकटवून खाच त्यात कापा.

दोरी डेक्रॉन बी-५० या पॉलिएस्टर धाग्याची, १४ धाग्यांची, सात-सातच्या दोन पेडांची. बाण किमान ४५० ग्रेन, म्हणजे २९ ग्रॅम. ताणाच्या दर पौंडामागे १० ग्रेन हा लाकडी धनुष्याचा रूढ हिशेब. बाण न लावता ओढून सोडायचं कधीही नाही. अंतिम ताण ४७-४८ वर थांबवा. घासकाम, पॉलिश कागद आणि पहिले शंभर-दोनशे बाण मिळून दोन-तीन पौंड घेतातच.

काष्ठवेध

शेवटचा हात शेलॅकचा की तेलाचा?

तोलकाटा

तेल दिसायला सुंदर, पण ओलाव्याला जवळजवळ मोकळं दार. हिकरीला शेलॅकचे पाच-सहा पातळ हात आणि वर पॉलियुरेथेनचे दोन. खाचांच्या आत आणि मुठीच्या कातड्याखालीही द्यायला विसरू नका, लाकूड तिथूनच ओलावा पितं. कुठलाही थर वाफ पूर्ण अडवत नाही, फक्त तिचा वेग कमी करतो. हवा महिनोन्महिने ७० टक्क्यांच्या वर राहत असेल तर दोरी उतरवून धनुष्य पीव्हीसीच्या नळीत, दोन्ही टोपणं घट्ट, आत सिलिका जेलची पुरचुंडी. आत ४०-४५ टक्के आर्द्रता राहील इतपतच जेल घाला आणि आर्द्रतेप्रमाणे रंग बदलणारं घ्या. रंग बदलला की ओव्हनमध्ये वाळवून परत वापरता येतं.